चहात मिसळलेली गोळी

रत्नागिरी जिल्ह्यातील खाडीकाठच्या एका गावातून हे पत्र आले आहे. ओळख पटेल असे तपशील वगळून त्याचा आशय येथे देत आहोत. लिहिणाऱ्या भगिनींचे यजमान हापूसच्या कलमांची बाग सांभाळतात आणि गावच्या भजनी मंडळात पखवाज वाजवतात. तीन वर्षांपूर्वी शिमग्याच्या सुमारास त्यांची झोप उडाली. अखंड बोलणे, पालखीच्या मानावरून भांडण, दलालाकडून पुढच्या हंगामाची उचल, पत्नीचे दागिने पतपेढीत ठेवून घेतलेला जुना टेम्पो, हे सगळे महिन्याभरात घडले. 'बँकेच्या कामाला जाऊ' असे सांगून भावांनी त्यांना गाडीत बसवले आणि थेट रुग्णालयात दाखल केले. बायपोलर आजाराचे, म्हणजे उन्माद आणि नैराश्य यांचे फेरे आणणाऱ्या मनोविकाराचे, निदान झाले. घरी आल्यावर पावसाळाभर ते पडवीत पडून राहिले, मग हळूहळू सावरले. काही महिने त्यांनी लिथियमची गोळी घेतली, नंतर हात थरथरतात आणि वजन वाढते म्हणून सोडून दिली. गेले वर्षभर या भगिनी ती गोळी कुटून त्यांच्या संध्याकाळच्या चहात मिसळत आहेत. हे यजमानांना ठाऊक नाही आणि डॉक्टरांनाही नाही. सासूबाई हा 'बाहेरचा' त्रास मानतात आणि देवळात कौल लावतात. तीन आठवड्यांवर गणपती आले आहेत, मुंबईचे दोन्ही दीर सहकुटुंब येणार आहेत, रात्रीची भजने ठरली आहेत. 'त्यांना आजारच मान्य नाही, म्हणून मला हे करावे लागते. गोळी अशीच देत राहू का? भजनाला जाऊ देऊ का? आणि चार दिवस माहेरी जाऊन नुसते झोपावेसे वाटते, हे पाप आहे का?' असे त्यांनी विचारले आहे.

प्रिय ताई,

तुमच्या पत्रातील एका वाक्यावर मी थांबले. तुम्ही ते ओघात लिहून पुढे गेला आहात. मे महिन्यात आंबा काढणी चालू असताना यजमानांना दोन दिवस उलट्या झाल्या, हात इतके थरथरू लागले की पाण्याचा पेला धरवेना, चालताना तोल जाऊ लागला, बोलणे जड झाले. गावातील डॉक्टरांनी ऊन लागले असेल म्हणून सलाइन लावले आणि तिसऱ्या दिवशी ते उठून बागेत गेले, असे तुम्ही लिहिता. ते ऊन असेलही. परंतु रक्तातील लिथियम प्रमाणाबाहेर गेले म्हणजे हीच लक्षणे दिसतात, आणि सलाइन लावणाऱ्या डॉक्टरांना या माणसाच्या पोटात लिथियम जाते आहे याची कल्पनाच नव्हती. ती खुद्द रुग्णालाही नव्हती. जाणणाऱ्या एकट्या तुम्ही होता, आणि हे औषध कसे वागते हे तुम्हाला कोणी नीट समजावून सांगितलेले नव्हते. म्हणून भजन, दीर आणि माहेर यांच्याकडे वळण्याआधी मी गोळीविषयी लिहिते, आणि सविस्तर लिहिते, कारण चहात, आमटीत, पेजेत औषध मिसळून देणारी घरे आपल्याकडे पुष्कळ आहेत आणि ती मायेपोटीच तसे करतात.

लिथियम हे या आजारावरचे जुने आणि अतिशय गुणकारी औषध आहे. उन्मादावर त्याचा उपयोग होतो हे ऑस्ट्रेलियातील डॉक्टर जॉन केड यांनी १९४९ मध्ये मांडले, आणि त्यानंतर कितीतरी नवी औषधे येऊनही त्याची जागा गेलेली नाही. ते उन्मादाचे आणि नैराश्याचे फेरे थोपवते, शिवाय आत्महत्येचा धोका कमी करणाऱ्या मोजक्या औषधांत त्याची गणना होते. मात्र गुण देणारी मात्रा आणि बाधणारी मात्रा यांत अंतर फार थोडे असते. रक्तातील प्रमाण साधारणपणे लिटरमागे ०.६ ते १.० मिलिमोल या दरम्यान राखले जाते, ते १.५ च्या वर गेले की विषबाधेचा धोका सुरू होतो, आणि काही जणांना त्याआधीही त्रास होऊ शकतो. म्हणून शेवटची गोळी घेतल्यापासून बारा तासांनी रक्त देऊन दर तीन ते सहा महिन्यांनी हे प्रमाण पाहायचे असते, आणि सहा महिन्यांतून एकदा मूत्रपिंड व थायरॉइड यांची तपासणी करायची असते. तुमच्या यजमानांची यांतील एकही तपासणी वर्षभरात झालेली नाही, कारण ज्याला औषध चालू आहे हेच माहीत नाही त्याला रक्त द्यायला कसे न्यायचे, हा पेच तुम्हाला सोडवता आला नाही. डॉक्टरांनी विचारले की 'बागेचे काम आटोपले की करू' असे तुम्ही सांगत आलात.

आता मे महिन्याकडे पुन्हा पाहा. शरीरातील पाणी आणि मीठ कमी झाले की मूत्रपिंड लिथियम बाहेर टाकण्याऐवजी धरून ठेवते. वैशाखाच्या उन्हात सकाळपासून झेल्याने आंबा उतरवणारा माणूस किती घाम गाळतो हे तुम्ही रोज पाहता. संध्याकाळी अंग ठणकते म्हणून तोच माणूस मेडिकलमधून वेदनाशामक गोळ्या आणतो. त्यांत आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक असेल तर त्यानेही लिथियमचे प्रमाण वाढते. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी आणि लघवी वाढवणाऱ्या औषधांनी तेच होते. श्रावणातला अळणी किंवा निर्जळी उपवास, पावसाळ्यातले ताप आणि जुलाब, ही सगळी आपल्याकडची नेहमीची निमित्ते आहेत. आपण लिथियम घेतो हे ज्याला ठाऊक असते तो पाणी पीत राहतो, मीठ तोडत नाही, अंगदुखीची गोळी घेण्यापूर्वी डॉक्टरांना विचारतो. तुमच्या यजमानांना ही काळजी घेता येणे शक्यच नव्हते. आणखी एक गोष्ट अशी की, यातल्या काही गोळ्या पोटात हळूहळू विरघळाव्यात अशा बनवलेल्या असतात. त्या कुटल्या की दिवसभरात मिळायचे औषध एकदम रक्तात उतरते.

तेव्हा 'अशीच देत राहू का' या प्रश्नाला माझे उत्तर नाही असे आहे. पण उद्यापासून बंद करा, असेही मी म्हणत नाही, कारण लिथियम एकाएकी तोडले तर उन्माद उलटून येण्याचा धोका मोठा असतो. या आठवड्यातच मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. एकट्या जा, गोळ्यांचे रिकामे पाकीट बरोबर न्या, आणि मला जसे लिहिलेत तसे सारे त्यांना सांगा: कधीपासून, किती, कशात मिसळून, मे महिन्यात काय झाले. ते रागावतील अशी भीती तुम्ही व्यक्त केली आहे. कदाचित दोन शब्द बोलतीलही, परंतु त्यांनाही वर्षभर अंधारात औषध लिहून द्यावे लागले आहे आणि खरे कळल्यावर मात्रा व तपासणी यांचा निर्णय त्यांनाच नीट घेता येणार आहे. या दरम्यान उलट्या, जुलाब, जोराची थरथर, तोल जाणे किंवा बोलणे जड होणे यांपैकी काहीही दिसले तर पुढची गोळी देऊ नका, त्याच दिवशी रुग्णालयात न्या आणि दारातच 'लिथियम चालू आहे' असे सांगा. मग घरात काय व्हायचे ते होईल. त्या क्षणी गुपित सांभाळू नका.

यानंतरचा भाग मला अधिक महत्त्वाचा वाटतो. 'त्यांना आजारच मान्य नाही' हे वाक्य तुमच्या पत्रात पुन्हा पुन्हा येते, आणि चहातली गोळी त्याच वाक्यावर उभी आहे. पण तुमच्याच पत्रातले यजमान मला वेगळे दिसतात. रात्री झोप लागत नाही तेव्हा मला पुन्हा भीती वाटते, असे ते मुलीला म्हणाले. ज्याला आजार मान्य नाही तो असे म्हणेल का? गोळी सोडताना त्यांनी कारण दिले होते की हात थरथरतात. पखवाज वाजवणाऱ्याच्या बोटांना कंप सुटणे ही किरकोळ तक्रार नव्हे. मंडळात ज्याच्या थापेवर अभंग उचलला जातो त्याला ती थाप नीट पडेनाशी झाली तर काय वाटत असेल, हे त्यांना कोणी विचारल्याचे पत्रात दिसत नाही. आणि रुग्णालयाचा विषय निघाला की ते म्हणतात, 'मला फसवून नेलंत.' भीती वाटते, वाजवता येईना, फसवलेत, ही त्यांची तीन वाक्ये आहेत. 'मी आजारी नाही' असे यांत कुठेच नाही.

उन्माद भरात असताना माणसाला आपण आजारी आहोत हे खरोखर कळत नाही, आणि तेव्हा वाद घालून उपयोगही नसतो, कारण ते न कळणे हा त्या आजाराचाच भाग असतो. पण ती अवस्था आठवड्यांची किंवा फार तर काही महिन्यांची असते. या आजारात दोन फेऱ्यांच्या मध्ये पुष्कळदा असा काळ येतो, ज्यात माणूस बाग पाहतो, हिशेब लिहितो, मुलीचा अभ्यास घेतो, शेजाऱ्याच्या लग्नात राबतो. तुमचे यजमान सध्या त्या काळात आहेत. तरीही घरात त्यांच्याशी व्यवहार चालतो तो शिमग्यातल्या त्या माणसाशी चालावा तसा. त्यांना बरे असताना कोणी काही विचारलेच नाही, आणि मग ते ऐकत नाहीत असे सर्वांनी धरून ठेवले. मी हे दोष देण्यासाठी लिहीत नाही. त्या महिन्यात तुम्ही जे सोसले त्यानंतर कोणीही धास्तावेल. परंतु त्या धास्तीतून तुम्ही त्यांचा आजार पूर्णपणे स्वतःच्या अंगावर घेतला आहे. त्यातला त्यांचा वाटा त्यांना परत द्यायला हवा, आणि तो देण्याची वेळ ते बरे आहेत तोवरच आहे.

मी लक्ष काढले की सगळे कोसळेल, असे तुम्ही लिहिता. घराचे वागणे आणि आजाराचे उलटणे यांचा संबंध इंग्लंडमधील संशोधकांनी १९५० आणि १९६० च्या दशकांत प्रथम स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांमध्ये अभ्यासला, पुढे तो बायपोलर आजारातही आढळला. ज्या घरात सतत टोचून बोलणे, राग किंवा अति पहारा असतो तिथे आजार लवकर उलटतो, असे दिसून आले. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मिक्लोविट्झ यांनी त्यावरूनच कुटुंबाला बरोबर घेऊन करायची उपचारपद्धती उभी केली. नऊ महिन्यांतल्या २१ बैठकांत घरातले सगळे आजार समजून घेतात, एकमेकांशी बोलायला शिकतात आणि अडचणी मिळून सोडवतात. आपल्या तालुक्यात अशा बैठका मिळणार नाहीत, पण त्यांतला गाभा घरी आणता येतो: पहाऱ्याच्या जागी करार.

यजमानांना गोळीविषयी सांगायचे कसे? एकटीने, रात्री, स्वयंपाकघरात सांगून मोकळे व्हावे असे तुम्हाला वाटते. मला ते पटत नाही. त्या क्षणी त्यांच्या रागाला उत्तर देणारे कोणी नसेल, औषधाविषयीच्या प्रश्नांना उत्तर देणारे कोणी नसेल, आणि माजघरात सासूबाई असतील. डॉक्टरांना आधी भेटून त्यांच्याच खोलीत, त्यांच्यासमोर सांगणे अधिक चांगले. तिथे यजमानांना नेताना मात्र दुसरे काही निमित्त सांगू नका. 'तुमच्या झोपेविषयी आणि हात थरथरण्याविषयी बोलायला मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे जाऊ, संध्याकाळी परत येऊ, कोणी तुम्हाला तिथे ठेवणार नाही,' एवढे खरे सांगा आणि ते खरे करून दाखवा. तिथे गेल्यावर फार प्रस्तावना नको. 'मी तुमच्यापासून एक गोष्ट लपवली. भीतीपोटी लपवली. आता पुन्हा तसे करणार नाही,' इतके बोलून थांबा. समर्थन लगेच सुरू करू नका. ते रागावतील. काही दिवस तुमच्या हातचा चहा घेणार नाहीत, तर न घेवोत. मुलीला या प्रसंगी बरोबर नेऊ नका.

यात धोका नाही असे मी म्हणणार नाही. ते लिथियम साफ नाकारू शकतात. तसे झाले तर डॉक्टरांकडे इतर औषधे आहेत, थरथर कमी करण्याचे उपाय आहेत, मात्रा कमी करून पाहता येते, वजनाचाही विचार करता येतो. यांतले काही निवडण्याचा अधिकार मिळाला की पुष्कळ जण औषधाला तयार होतात. त्यांनी काहीच घेतले नाही तरीही निदान झोपेवर आणि व्यवहारांवर दोघांनी मिळून लक्ष ठेवता येईल. उलट आज ना उद्या त्यांना फडताळात कुटलेली पूड सापडली, तर मग तुमच्या हातचा घासही ते विश्वासाने घेणार नाहीत आणि पुढच्या फेऱ्यात तुमचे कोणाचेच ऐकणार नाहीत. हे दोन धोके तोलून पाहिले तर मला पहिला पत्करण्याजोगा वाटतो. शिवाय २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार, निर्णय घेण्याची समज असलेल्या माणसावर त्याच्या संमतीवाचून उपचार करता येत नाहीत, हेही लक्षात असू द्या.

हाच कायदा, जो २९ मे २०१८ पासून अमलात आला, तुमच्या दुसऱ्या भीतीवर उपाय देतो. पुन्हा तशी वेळ आली तर काय, पुन्हा खोटे बोलूनच न्यायचे का, असे तुम्ही विचारले नाही, पण ते प्रत्येक ओळीत आहे. बऱ्या काळात माणसाला आपल्या पुढच्या उपचारांविषयी आगाऊ लेखी निर्देश देता येतो आणि आपला प्रतिनिधी म्हणून कोणाला नेमायचे तेही ठरवता येते. पुढे तो उन्मादात असला आणि त्याला समज उरली नाही, तर त्या प्रतिनिधीच्या अर्जावरून, दोन तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे तपासल्यावर त्याला ३० दिवसांपर्यंत दाखल करता येते. जिवाला धोका असेल तर जवळच्या डॉक्टरांना ७२ तासांपर्यंत तातडीचे उपचारही देता येतात. थापा मारून गाडीत बसवण्याची गरज उरत नाही. यजमानांना स्वतःच्या हाताने लिहू द्या: मला कोणी न्यावे, कुठे न्यावे, कोणते औषध सोसते आणि कोणते नको, त्या काळात बागेचा व्यवहार कोणी पाहावा, मुलीला काय सांगावे. कागद कायदेशीर करण्याची रीत तालुक्याच्या न्यायालयातील विधी सेवा समितीत विचारा. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार स्त्रियांना तिथे मोफत सल्ला मिळतो. कायदेशीर पूर्तता व्हायला वेळ लागला तरी कागद आजच लिहून ठेवा, कारण पुढच्या वेळी 'तुम्हीच लिहिले आहे' असे म्हणता येणे हे फार मोठे बळ असते.

आता गणपती. भजनाला जाऊ देऊ का, असे तुम्ही विचारता; मला वाटते प्रश्न झोपेचा आहे. या आजारात झोप तुटणे हे उन्मादाचे निमित्तही असते आणि त्याची पहिली खूणही. तीन वर्षांपूर्वीच्या घटना तुम्ही पालखीच्या भांडणापासून सांगता, पण तुमच्याच लिहिण्यावरून भांडणाच्या आधीच्या रात्री ते पालखीबरोबर जागत होते आणि दिवसा बागेत होते. भांडण नंतर आले. कोकणात शिमग्याची पालखी, नमन-खेळे, सिंधुदुर्गाकडचे दशावतार, गणपतीतली भजने, सगळेच रात्रीचे. ज्यांच्या घरी हा आजार आहे त्यांनी या सणांच्या महिन्यांवर आधीच लक्ष ठेवावे, एवढे मी सर्व वाचकांना आवर्जून सांगते.

पण भजन बंद करू नका. ते त्यांचे गावातले स्थान आहे, आणि आजारपणानंतर ज्या मोजक्या ठिकाणी लोक त्यांच्याकडे 'बुवा' म्हणून पाहतात त्यांपैकी ते एक आहे. त्यांच्याशीच ठरवा: पहिल्या बारीला पखवाज त्यांचा, अकराच्या आत घरी, पुढची बारी दुसऱ्या वादकाकडे, रात्रीचा चहा नाही, दारू अजिबात नाही, सकाळची आरती उशिरा झाली तरी चालेल पण सात तास झोप झालीच पाहिजे. पाहुण्यांनी घर भरलेले असेल, तेव्हा त्यांची निजण्याची खोली वेगळी आणि शांत ठेवा. दिरांच्या मुलांना माळ्यावर झोपवा. लागोपाठ दोन रात्री झोप चार-पाच तासांवर आली आणि तरीही ते ताजेतवाने दिसले, तर तिसऱ्या दिवसाची वाट न पाहता डॉक्टरांना फोन करायचा, हे दोघांनी मिळून आधीच ठरवून ठेवा. थकवा न येता झोप कमी होते हीच ती खूण. त्यांच्या बाबतीत आणखी खुणा असतील: भराभर बोलणे, नव्या योजना, जुन्या दलालांना फोन. त्यांची यादी त्यांनाच करायला सांगा, त्यांना त्या तुमच्यापेक्षा अधिक आतून ठाऊक असतात.

दिरांकडून 'आम्ही आहोत' एवढ्या आश्वासनावर समाधान मानू नका, नेमकी कामे मागा. एकाने दर तीन महिन्यांनी सुट्टी काढून भावाला रक्ततपासणीला न्यावे, दुसऱ्याने पतपेढीचे कर्ज आणि दलालाची उचल यांचा हिशेब पाहावा. आणि तीन वर्षांपूर्वीच्या त्या गाडीबद्दल दोघांनी भावाशी स्वतः बोलावे. ते काम तुम्ही त्यांच्या वतीने करू नका. पैशांबाबत यजमानांची संमती घेऊन मोठ्या व्यवहारांना दोघांच्या सह्या लागतील अशी खाती करा, मोबाइलवरून पाठवायच्या रकमेची मर्यादा कमी करा, आणि ठरावीक रकमेपुढचा कोणताही सौदा तीन रात्री नीट झोप झाल्यावरच पक्का करायचा असे ठरवा. समज नसलेल्या अवस्थेत केलेला करार १८७२ च्या करार कायद्यानुसार अवैध ठरू शकतो. टेम्पोच्या व्यवहाराविषयी विधी सेवा समितीत विचारायला हरकत नाही, वैद्यकीय कागद जपून ठेवा.

बागेच्या खोपीत फवारणीची औषधे असतील. ती आजच कुलपात घाला आणि किल्ली त्यांच्याजवळ नको. सध्या ते बरे आहेत, म्हणूनच हे सहज होऊन जाईल. उन्मादानंतरच्या नैराश्यात, पडवीत पडून राहण्याच्या त्या दिवसांत, जिवाचा धोका सर्वांत जास्त असतो. 'जगू नये असे वाटते का?' हे तेव्हा सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. टेलिमानस ही सरकारी दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस, विनामूल्य आणि मराठीतून उपलब्ध आहे. तो क्रमांक तुमच्या मोबाइलमध्ये आणि मुलीच्याही मोबाइलमध्ये असावा. आणि ते कधी हिंसक झाले तर समजूत घालत बसू नका. मुलीला घेऊन शेजारी जा आणि ११२ ला फोन करा.

सासूबाईंशी वाद घालू नका. त्यांना देवापुढे गाऱ्हाणे घालू दे, कौल लावू दे. मुलासाठी दुसरे काही करता येत नाही तेव्हा आई हेच करते. एवढेच सांगा की गोळी आणि गाऱ्हाणे दोन्ही चालू राहतील, निर्जळी उपास होणार नाही, आणि कोणी भगत अंगाला हात लावणार नाही. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. पुष्कळदा सासूबाईंसारख्या बाईला डॉक्टरांनी स्वतः चार वाक्ये सांगितली की फरक पडतो, म्हणून एकदा त्यांनाही बरोबर न्या.

मुलगी बारावीला आहे आणि तिला काही सांगितलेले नाही, असे तुम्ही म्हणता. तिला सगळे दिसते आहे. वडिलांनी भीती बोलून दाखवली ती तिच्यापाशी. तिला आजाराचे नाव, औषधाचे नाव आणि खुणा सांगा, पण राखणीचे काम देऊ नका. 'मलाही होईल का?' असे तिने विचारले तर खरे सांगा: आई किंवा वडिलांपैकी एकाला हा आजार असला तर धोका इतरांपेक्षा वाढतो, परंतु अशा बहुसंख्य मुलांना तो होत नाही. झोप नीट ठेवणे आणि नशेपासून दूर राहणे हे तिच्याही हिताचे आहे.

राहिल्या तुम्ही. 'बाई म्हणून मी कुठे कमी पडले' असे तुम्ही लिहिले आहे. बायपोलर आजार संसारातल्या उणेपणाने होत नाही. त्यात आनुवंशिकता आणि मेंदूतील बदल यांचा मोठा वाटा असतो, ताण आणि जागरण त्याला निमित्त होतात. तुम्ही वर्षभर रोज संध्याकाळी भीतीने एक गोष्ट केली, रात्री त्यांच्या श्वासावर कान ठेवून पडलात, आणि हे एका माणसालाही सांगितले नाही. चार दिवस झोपावेसे वाटणे ही तुमच्या शरीराची मागणी आहे. तुमचा रक्तदाब आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या, आणि झोप न येणे, रडू येणे सुरूच राहिले तर स्वतःसाठीही डॉक्टरांशी बोला. रत्नागिरीच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात, तसेच जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या पथकाकडे, नातेवाइकांनाही मार्गदर्शन मागता येते. तुमच्या भागात पथक कधी येते ते आशाताईंना किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा. ठाण्याची आय.पी.एच. ही मानसिक आरोग्यासाठी काम करणारी संस्था आणि पुण्याची स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन यांच्याकडेही फोनवरून चौकशी करा. तुमच्यासारखीच दुसरी एक बाई तुमच्या वाडीपासून फार लांब नसेल. फक्त तिनेही कोणाला सांगितलेले नाही.

माहेरी गौरी-गणपतींच्या विसर्जनानंतर जा, पाहुणे परतल्यावर. एका दिराला मागे थांबायला सांगा. तोवर गोळीचा विषय उघड झालेला असेल, आणि यजमान औषध घेत असतील तर ते स्वतःच्या हाताने घेत असतील. किती दिवस जाणार ते त्यांना सांगूनच निघा, आणि दिवसातून एकच फोन ठेवा, तोही रात्री जेवण झाल्यावर यजमानांनी करायचा.